हवा खेळती

प्रमिलाने खिडकीचं दार ओढलं, ते अर्ध्यावरच अडकलं. तिने खांद्याने रेटा दिला आणि कडी घातली. दुसरी खिडकी आधीच लावून झाली होती. राहिलं होतं व्हरांड्याकडचं दार. ते लोटताना तिने बाहेर नजर टाकली. सतरंजीवर सात-आठ जण येऊन बसले होते आणि एकनाथराव वकील धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत म्हणत होते, "चला, सुरू करू या. आज ठराव पक्का झालाच पाहिजे."

दार लागलं तशी खोली अंधारली. भिंतीत वर, छताच्या जवळ, हातभर लांबीचा एक झरोका होता; उजेड तेवढ्यातूनच येत होता, आणि त्या उजेडात धूर स्पष्ट दिसत होता. कोपऱ्यात शेगडीवर मुलांच्या दुधाचं मोठं पातेलं होतं. शेगडीपुढे उकिडवी बसून शाळेचं वरकाम करणारी भामा पुठ्ठ्याने वारा घालत होती. धूर सरळ वर जाई, छताला पसरे, आणि निवला की संथपणे खाली उतरे. खाली चटयांवर चौतीस मुलं बसली होती. सगळ्यांत मोठं साडेपाच वर्षांचं, लहान जेमतेम तिसऱ्यात पडलेलं.

"भामा, अजून किती वेळ?"

"कोळसा वला हाय बाई, वखारीतूनच वला आलाय. म्या तरी काय करू? फुकून फुकून माझंच डोकं गरगरायलंय."

"बाई, डोळ्यांत जातंय," एक मुलगा म्हणाला.

"डोळे मीट. मिटून गाणं म्हणायचं आपण. हळू आवाजात हं, बाहेर मोठी माणसं बसलीत."

मुलांनी डोळे मिटले. गाणं सुरू झालं खरं, पण ते गाण्यापेक्षा कुजबुजीसारखंच वाटत होतं. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतली सरोज खोकली. चार वर्षांची, दोन वेण्यांची पोर. खोकताना तोंड कोपरात खुपसायचं हे तिला घरी कुणीतरी शिकवलेलं होतं आणि ते ती कधी विसरत नसे. आजचा खोकला मात्र थांबेना. कोपर बाजूला झालं, मान पुढे झुकली, आणि दोन खोकल्यांच्या मध्ये श्वास घ्यायला तिला जागाच उरली नाही. प्रमिला धावली. मुलीच्या ओठांचा रंग तिने पाहिला आणि तिला उचलून दार उघडलं.

व्हरांड्यातली सगळी डोकी वळली.

"बाई, ठराव चाललाय," एक तरुण सभासद म्हणाला.

"पाच मिनिटं, बाई. फक्त पाच मिनिटं," एकनाथराव म्हणाले. मग त्यांचं लक्ष मुलीकडे गेलं. "खोकला झालाय वाटतं? ज्येष्ठमध द्या चघळायला."

प्रमिला सतरंजीवरून, कागदांवरून पाय उचलत अंगणात गेली. एकाने तिचा पाय लागू नये म्हणून आपली मांडी आखडून घेतली. नळाशी तिने सरोजला उतरवलं, पाठीवर हात ठेवला. फ्रॉकखाली बरगड्या आत ओढल्या जात होत्या, तळहाताला घरघर जाणवत होती. मागे व्हरांड्यात वाद चालू होता. 'हैदराबाद शहरातील मराठी मुलांच्या भवितव्यासाठी' या शब्दांपुढे 'विनंती' लिहायची की 'मागणी', यावर दोन तट पडले होते.

प्रमिलाच्या मनात आलं, परत जावं आणि त्या सतरंजीचं एक टोक धरून ती उलटी झटकावी. तिने ओंजळीत पाणी घेऊन सरोजचं तोंड धुतलं.

शेगडी आधी व्हरांड्यात असे, नळाजवळच्या टोकाला. खिडक्या दिवसभर उघड्या असत आणि रस्त्यावरून जाणारे रिक्षावालेसुद्धा मुलांच्या गाण्याच्या तालावर घंटी वाजवीत. एकनाथरावांच्या बरकतपुऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत बालविहार भरू लागला त्याला आठ वर्षं झाली होती. छप्पनच्या जुलैत, सभा भरवणाऱ्या मराठी मंडळाची नारायणगुड्यातली कचेरी उठली आणि तिचं टेबल, कपाट, नकाशा सगळं या व्हरांड्यात आलं. "शेगडी तेवढी आत घ्या," असं तेव्हा कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. एका बाजूने भामाने आणि दुसऱ्या बाजूने प्रमिलाने ती उचलून आत नेली होती. ते मात्र प्रमिलाच्या पक्कं लक्षात होतं.

सभा संपल्यावर ती एकनाथरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"वकीलसाहेब, शेगडी बाहेर ठेवायला हवी."

"कुठे बाहेर? इथे कागदपत्रं आहेत. ठिणगी उडाली म्हणजे?"

"अंगणात."

"पावसात?"

"मग निदान खिडक्या तरी उघड्या राहू द्या."

एकनाथराव हसले. निजामाच्या अमलात मराठीचे वर्ग चालवले म्हणून त्यांनी तुरुंग पाहिलेला होता. या घरात पाऊल ठेवणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या पायांना हात लावी. त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलणं प्रमिलाला कधी जमलं नव्हतं.

"मुलांचा आवाज मला गोडच वाटतो हो. पण इथे माणसं लांबून येतात, एकेका वाक्यावर तास जातो. आणि दिवस किती उरले? पहिली नोव्हेंबर आली की मराठवाडा मुंबईला, आणि आपण इथे आंध्रात. त्या दिवसापासून आपण इथे मूठभर. बालविहाराची मान्यता टिकली तर पुढे मराठी शाळा टिकेल. मान्यतेला पटावर चाळीस मुलं दिसली पाहिजेत. तुमच्याकडे किती?"

"छत्तीस. आज दोन आली नव्हती."

"चार आणखी मिळवा. खिडक्यांचं नंतर बघू."

"मुलं खोकतात, वकीलसाहेब."

"मुलं खोकतातच." ते उठले, काठी घेतली. "घरोघरी चुली आहेत, बाई. माझी आई जन्मभर चुलीपुढे बसली, नव्वदी पाहून गेली."

यावर काय बोलायचं ते प्रमिलाला सुचलं नाही. सुचलं ते आठ दिवसांनी, चिक्कडपल्लीत, आणि ते तिच्या तोंडचं नव्हतंच.

सरोज त्या दिवसापासून आली नव्हती. प्रमिला पत्ता विचारत चिक्कडपल्लीतल्या तिच्या घरी गेली. एका ओळीतल्या पाच खोल्यांपैकी शेवटची. सरोजचे वडील गोविंद माल खात्यात, म्हणजे महसुलात, कारकून. त्यांची बदली औरंगाबादेस झाली होती आणि ते घर बघायला पुढे गेले होते. आई, पद्मावती, दाराशी तांदूळ निवडत होत्या. सरोज आत खाटेवर होती. खाट आडवी लावून तिचं डोकं बरोबर उंबऱ्यापाशी येईल अशी ठेवलेली होती. मुलगी आठवड्यात निम्मी झाली होती. प्रमिलाला पाहून ती हसली आणि हसण्याने तिला ठसका लागला.

"छातीत कफ भरलाय म्हणाले डॉक्टर," पद्मावती म्हणाल्या. "आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या डबा झालाय. तीन सुया झाल्या. आता ताप नाही, पण धाप जात नाही." मग जरा संकोचाने त्यांनी विचारलं, "बाई, शाळेत फरशी गार असते का हो? तिला थंडीच बाधली असेल."

"नाही," प्रमिला म्हणाली. "फरशी गार नसते."

खोलीच्या मागच्या भिंतीशी चूल होती. वरची भिंत छतापर्यंत काळी झालेली. प्रमिलाची नजर तिकडे गेलेली पद्मावतींनी पाहिली.

"लाकडं फार धुरकटतात इथली. म्हणून स्वयंपाक होईस्तोवर मी हिला बाहेर ओट्यावरच बसवते. एक क्षण आत येऊ देत नाही. शेजारच्या हसतात मला." त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "तुमच्या शाळेत पाठवायला लागले तेव्हापासून जिवाला घोर नव्हता बघा. म्हटलं, तेवढे चार तास तरी पोर धुरातनं सुटली."

प्रमिलाने चहा घेतला नाही. ती रस्त्यावर आली, आणि चिक्कडपल्लीच्या बाजारातून जाताना कुणी ओळखीचं भेटलं तरी तिला दिसलं नाही. इतका संताप तिला आयुष्यात आला नव्हता. तो आधी एकनाथरावांवर होता, मग त्या मांडी आखडून घेणाऱ्या सभासदावर, मग ओला कोळसा देणाऱ्या वखारवाल्यावर. बरकतपुऱ्याच्या वळणावर येईपर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात बोलून झालं होतं आणि संताप होता तेवढाच होता. घरोघरी चुली आहेत, खरं आहे. पण घरातलं पोर उठून ओट्यावर जातं. इथे कडी असते.

दुसऱ्या दिवशी सभा नव्हती, खिडक्या उघड्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी सभा होती. व्हरांड्यातून काठीने दारावर दोनदा टकटक झाली, आणि प्रमिला उठून खिडकी लावायला गेली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मुआयना ठरला. शाळा तपासायला येणारे हिम्मतराव मंडळाच्या ओळखीचे, जालन्याकडचे. त्यांचंही नाव मराठवाड्याकडे जाणाऱ्यांच्या यादीत होतं आणि सोमवारी ते औरंगाबादेस हजर व्हायचे होते. हा त्यांचा हैदराबादेतला शेवटचा मुआयना. "आपला माणूस आहे तोवर शेरा मिळवून ठेवू," असं एकनाथरावांनी सगळ्यांना सांगितलं.

त्या दिवशी सकाळी सातलाच भामाला बोलावून घेतलं. दूध लवकर उकळून झालं, शेगडी विझवून न्हाणीघरात ठेवली गेली, कोपऱ्यातल्या काळ्या भिंतीवर नकाशा टांगला. व्हरांड्यातली सतरंजी गुंडाळली. खिडक्या सताड उघडल्या. आजूबाजूच्या घरांतून सहा मुलं आणून बसवली होती. त्यांतलं एक रडत होतं. सरोजचं नाव हजेरीत पुकारलं गेलं तेव्हा कुणीतरी मागून "हजर" म्हणालं. प्रमिलाने मान वर करून पाहिलं. तो मंडळाचाच एक सभासद होता. तिने गैरहजेरीची फुली मारायला उचललेला टाक तसाच वर धरला आणि तो रकाना मोकळा सोडून पुढचं नाव घेतलं.

हिम्मतरावांनी गाणं ऐकलं, दोन मुलांना फळांची नावं विचारली, पेढा खाल्ला. मग व्हरांड्यातल्या टेबलाशी बसून शेऱ्याच्या वहीत कार्बन घालून सुवाच्य मराठीत लिहिलं आणि वही प्रमिलापुढे सरकवली.

"मुख्याध्यापिका म्हणून इथे सही करा, बाई."

तिने वाचलं. पटावर चाळीस, हजर चाळीस. शिस्त उत्तम. खोली प्रशस्त, उजेड भरपूर, हवा खेळती आहे.

एकनाथराव बाजूला उभे राहून हिम्मतरावांच्या मुलाची चौकशी करीत होते. प्रमिलाने टाक दौतीत बुडवला. सही करायची जागा सोडून ती खाली लिहू लागली. अक्षरं तिने मुद्दाम मोठी काढली. सहा ओळी झाल्या. मग तिने सही केली.

हिम्मतरावांनी वही वाचली आणि मुकाट्याने एकनाथरावांच्या हातात दिली. एकनाथरावांनी वाचली. त्यांची हनुवटी जराशी हलली.

"फाडा ते पान," मागून कुणीतरी म्हणालं.

"पानांवर आकडे छापलेत," हिम्मतराव म्हणाले. "सरकारी कागद मी तीस वर्षांत फाडला नाही, आता जाताजाता फाडणार नाही." ते रागावले नव्हते. कोवळ्या मुलीची समजूत घालावी तशा स्वरात ते प्रमिलाला म्हणाले, "पण बाई, हे वाचणार कोण? मी सोमवारी चाललो. माझे कारकून चालले. पहिल्या तारखेनंतर त्या दफ्तरात मराठी वाचणारा माणूस औषधाला उरणार नाही. उगीच शाई खर्च केलीत."

"तुम्ही वाचलंत ना?" प्रमिला म्हणाली.

"वाचलं."

"मग तुम्ही काय करणार?"

हिम्मतरावांनी टोपी डोक्यावर ठेवली. "आपल्याच माणसांच्या शाळेविरुद्ध मी लिहू? कशाला, ती बंद पडायला?" वहीचं वरचं पान त्यांनी काळजीपूर्वक सोडवून पिशवीत टाकलं, पेढ्यांचा पुडाही घेतला, आणि गेले.

पहिली नोव्हेंबर आली. शहरात कुठे रोषणाई झाली, कुठे माणसं घरात बसून राहिली. दिवाळीनंतर बालविहार पुन्हा भरू लागला तेव्हा उसनी आणलेली सहा मुलं आपापल्या घरी गेलेली होती. शेगडी कोपऱ्यात होती. आता थंडी पडू लागल्यामुळे खिडक्या बंद ठेवायला आणखी एक कारण मिळालं. ठराव दिल्लीला गेला होता आणि त्याच्या उत्तराची वाट पाहण्यासाठी सभा आधीपेक्षा जास्त होत होत्या. एकनाथरावांनी प्रमिलाला काढलं नाही. तिच्या जागी यायला कुणी नव्हतंच. ते तिच्याशी पूर्वीसारखंच आदराने बोलत आणि त्या सहा ओळींचा उल्लेख कधीही करीत नसत. याचाच तिला सर्वांत जास्त राग येई.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, अकराच्या सुमाराला, दारासमोर रिक्षा थांबली. सभेला येणाऱ्यांपैकी कुणी नव्हतं. काळ्या काठाची सुती साडी नेसलेली, पन्नाशीची, ठेंगणी बाई उतरली. नव्या सरकारची शाळा तपासनीस माणिक्यम्मा. वरंगळकडची, उर्दू शिकलेली. तिने येण्याची वर्दी दिली नव्हती. खोलीची दारं-खिडक्या बंद होती, व्हरांड्यात सभा बसलेली होती. एकनाथरावांनी लगबगीने खुर्ची पुढे केली, "प्रमिलाबाईंना बोलवा," म्हणाले. प्रमिला दार उघडून बाहेर आली तेव्हा तिच्याबरोबर धुराचा एक लोट बाहेर आला.

माणिक्यम्माने पिशवीतून एक पान काढलं.

"वकीलसाब, ये एक कागज हमारे दफ्तर में किसी को पढना नै आता. मराठीवाले सब चले गए. क्या लिखा इसमें?"

एकनाथरावांनी पान घेतलं. वरचा शेरा त्यांनी शब्दाला शब्द ठेवून स्वच्छ उर्दूत सांगितला. खोली प्रशस्त, उजेड भरपूर, हवा खेळती.

"और ये नीचे? हाथ दूसरा दिखता."

"मुख्याध्यापिकेने सरकारचे आभार मानलेत," एकनाथराव उर्दूत म्हणाले. त्यांचा आवाज जरासुद्धा बदलला नाही.

माणिक्यम्माने पान परत घेतलं, त्या सहा मोठ्या मोठ्या ओळींकडे पाहिलं, आणि प्रमिलाकडे पाहिलं. "आपका हाथ है, टीचरम्मा?"

"हौ, माझंच."

"पढो."

प्रमिलाने पान हातात घेतलं. आधी मराठीत एकेक ओळ वाचायची आणि मग तिचा अर्थ आपल्या मोडक्या उर्दूत सांगायचा, असं तिने केलं. मराठीत ती का वाचत होती कोण जाणे. कदाचित दारात येऊन उभ्या राहिलेल्या भामाला कळावं म्हणून. "वरील शेरा खरा नाही. मुआयन्याच्या तासापुरत्या खिडक्या उघडल्या आहेत आणि शेगडी न्हाणीघरात ठेवली आहे. एरवी शेगडी खोलीत पेटते व दारे-खिडक्या बंद असतात. मुलांना खोकला व धाप आहे. सरोज नावाची मुलगी तीन आठवडे अंथरुणावर आहे, तिला आज हजर म्हटले आहे."

ती थांबली. माणिक्यम्मा वाट पाहत होती. सभेतले सगळे खाली सतरंजीकडे पाहत होते.

"शेवटची ओळ राहिली, बाई," एकनाथराव मराठीत म्हणाले. "तीही सांगा."

प्रमिलाने त्यांच्याकडे पाहिलं. लिहिताना ती ओळ सरळ टाकातून उतरली होती; आता ती जिभेवर येईना. आपण थांबलो ते श्वास घ्यायला नव्हे, हे तिला समजलं, आणि समोरच्या माणसालाही ते समजलं आहे याची तिला लाज वाटली.

"दारे-खिडक्या मी स्वतः लावते," तिने वाचलं. "दरवाजे-खिडकियां मैं खुद बंद करती हूँ."

माणिक्यम्माने पान परत घेतलं. चपला काढून ती खोलीत गेली. दार तिने आपल्यामागे लावून घेतलं. मुलांच्या कुजबुजीखेरीज बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग बाईमाणसाचा खोकला आला, आणि दार उघडलं. तिचे डोळे लाल झाले होते, साडीला मागून चटईची धूळ लागली होती.

"वकीलसाब, आप कभी अंदर नीचे बैठ के देखे?"

एकनाथराव उघड्या दारातून आत पाहू लागले.

"अंगीठी आज के आज बाहर. बच्चे इस व्हरांडे में बैठेंगे. आपका टेबल, कागज सब अंदर ले जाओ. कागजों कू खांसी नै आती." तिने उभ्याउभ्याच वहीत लिहिलं. "छे महिने की मान्यता देती हूँ. छत्तीस बच्चों की. चालीस नक्को बोलो मेरेकू." आणि प्रमिलाकडे वळून, त्याच कोरड्या आवाजात, "आपका नाम भी लिखी मैं. बंद करनेवालों में."

"लिहा," प्रमिला म्हणाली.

रिक्षा गेल्यावर सभासद टेबल उचलू लागले. कपाट दारातून आत जाईना, ते आडवं करावं लागलं. भामाने शेगडी अंगणात नेऊन ठेवली होती आणि ती कमरेवर हात ठेवून ही गंमत बघत होती.

"परक्यांपुढे घरातली गोष्ट नेलीत, बाई," एकनाथराव म्हणाले. ते थकलेले दिसत होते. "मान्यता गेली असती म्हणजे?"

"तुमच्या ठरावात मुलांचं भवितव्य चार वेळा आलंय," प्रमिला म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटण्याइतका मोठा होता. टेबल धरलेले दोघे जागच्या जागी थांबले. "मी दारामागे बसून मोजलंय. त्यातल्या एका मुलाचं नाव सांगा मला. एकाचं."

एकनाथराव काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"सरोज," ते शेवटी म्हणाले.

"ते माझ्या कागदावर होतं म्हणून," प्रमिला म्हणाली आणि मुलांना बाहेर आणायला आत गेली.

बारा वाजता शाळा सुटली. राग आता निवायला हवा होता, सगळं मनासारखं झालं होतं. तो निवला नव्हता. ती घरी न जाता चिक्कडपल्लीला गेली.

पद्मावतींच्या दारात वळकट्या बांधून ठेवल्या होत्या. दुपारच्या गाडीने त्या औरंगाबादेस निघणार होत्या, टांगा सांगून झाला होता. सरोज ओट्यावर बसली होती. प्रमिला शेजारी बसताच ती मांडीवर चढली. आता ती बरी होती म्हणायची; पण ओट्याच्या पायऱ्या चढली की थांबते, पद्मावतींनी सांगितलं, आणि डॉक्टर म्हणतात छाती नाजूक राहील, जपायचं.

"बरं झालं बाई आलात ते. जाण्याआधी तुमच्याकडे येणारच होते मी." पद्मावतींनी आतून कोयरी आणली, प्रमिलाला हळदीकुंकू लावलं, आणि घडी करून ठेवलेलं एक खणाचं कापड तिच्या हातात दिलं. "तिला फार माया लावलीत तुम्ही. तिकडच्या शाळेत अशी बाई मिळते का बघायचं."

प्रमिलाने खण घेतला. मांडीवर सरोज तिच्या बांगड्या मोजत होती, चारपाशी चुकत होती आणि पुन्हा सुरुवात करीत होती. तिचा श्वास प्रमिलाच्या पोटाला जाणवत होता.

"सरोजच्या आई," प्रमिला म्हणाली, "फरशी गार नव्हती. शाळेत शेगडी खोलीतच पेटायची. सभेच्या दिवशी खिडक्या बंद ठेवायच्या असं ठरलं होतं. खिडक्या, दार, सगळं." तिने खण ओट्यावर ठेवला. "मीच लावत होते. तुम्ही मला विचारलंत त्या दिवसानंतरसुद्धा."

टांगेवाला गल्लीच्या तोंडाशी येऊन हाक मारत होता.

पद्मावतींनी कोयरी खाली ठेवली, दोन्ही हात पुढे केले, आणि प्रमिलाच्या मांडीवरून सरोजला उचलून घेतलं.